आधी नियम, मग संगणक

गेम डिझाइन हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे का, या प्रश्नाची दोन उत्तरे सध्या ऐकू येतात. पहिले उत्तर पालकांचे आणि बऱ्याच प्राध्यापकांचे: गेम म्हणजे वेळेचा नाश, मुलांना लागलेले व्यसन, त्याला पदवी कसली द्यायची? दुसरे उत्तर सरकारचे आणि उद्योगाचे: विषय जरूर शिकवा, त्यात रोजगार आहे. त्यासाठी २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कृतिदलाची घोषणा झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय केंद्राला मंजुरी दिली आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज मुंबईत सुरू झाली. या सगळ्या धोरणात गेम हा अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि कॉमिक्स यांच्या रांगेत बसवलेला आहे. दोन्ही उत्तरे मला अमान्य आहेत. पहिल्याचा प्रतिवाद सोपा आहे. दुसरे अधिक नुकसान करणारे आहे, कारण उद्याचा अभ्यासक्रम तेच ठरवणार आहे.

व्यसनाचा आक्षेप खोटा नाही. पैसे लावून खेळायच्या अॅपनी अनेक घरे बुडवली, म्हणूनच २०२५ मध्ये संसदेला कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालावी लागली. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ वेगळे काढून त्यांना उत्तेजन देण्याची तरतूद केली. म्हणजे जे संसदेला दिसले ते विद्यापीठांना दिसायला हरकत नसावी. शिवाय बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित ठेवले की माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतो, ही गोष्ट कोणीतरी विचारपूर्वक रचलेली असते. ती रचना उलगडून दाखवणारे अभ्यासक जिथे तयार होत नाहीत, तिथे पालकांच्या हाती मोबाइल हिसकावून घेण्यापलीकडे काही उरत नाही. आणि खेळ हा विद्वानांनी हाताळण्याजोगा विषय नाही, असे म्हणायला आपल्याकडे तरी आधार नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राज्यकारभाराच्या जोडीला बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांचे खेळ सविस्तर मांडले. युरोपात योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ मध्ये संस्कृतीचे मूळच खेळात शोधले.

आता दुसरी बाजू. गेम शिकवायचा म्हणजे युनिटी किंवा अनरियल ही इंजिने शिकवायची, त्रिमितीय पात्रे बनवायला शिकवायचे, आणि मग विद्यार्थी ‘इंडस्ट्री-रेडी’ झाला, अशी ही समजूत आहे. गेममधले चित्र हे त्याचे बाह्यांग असते. त्याचा गाभा म्हणजे नियम, आणि नियम रचण्याची विद्या चित्रकलेतून किंवा प्रोग्रामिंगमधून आपोआप येत नाही. खो-खोचेच पाहा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाचे नियम लेखी स्वरूपात आणले. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत सोडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र यातले कोणतेच बंधन नाही. तो दोन बसलेल्यांमधून वाटेल तसा निसटतो. आता पाठलाग करणाऱ्याला मागे वळायची मुभा देऊन बघा: पळणारा काही क्षणांत बाद होईल आणि खो द्यायची गरजच संपेल. उलट, मध्यपाटी ओलांडायची बंदी पळणाऱ्यावरही घातली, तर खेळाचा निम्मा जीव जाईल. म्हणजे खो-खोतला वेग, त्यातली हुलकावणी, पाठीमागून आलेल्या ‘खो’ने क्षणात फिरणारी बाजी, हे सगळे एका बाजूला जाणूनबुजून घातलेल्या बंधनातून निर्माण झाले आहे. ही शुद्ध गेम डिझाइनची कामगिरी आहे आणि तिला वीजसुद्धा लागत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मैदानावर नेऊन एकेक नियम बदलायला लावावा, परिणाम टिपायला लावावा, आणि बदललेला खेळ कुठे मोडला हे लिहायला लावावे. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या दर वर्षी बदलतात. या अभ्यासातून आलेली नजर पुढच्या कोणत्याही यंत्रावर चालते.

यावर उद्योगातले लोक सांगतात की ही नजर कामातूनच येते, वर्ग कशाला हवा? स्टुडिओत तारखांचे ओझे असते. तिथे सिद्ध झालेल्या खेळाची नवी आवृत्ती काढणे परवडते, फसण्याची शक्यता असलेला प्रयोग परवडत नाही. तो प्रयोग करण्याची मोकळीक विद्यापीठात मिळते, याला पुरावा आहे. अमेरिकेतील डिजिपेन या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटासा खेळ केला. भिंतीवर दोन दारे उघडायची, एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचे, एवढीच त्यातली कल्पना. त्यांनी नायिकेची उडी मारण्याची क्षमताच काढून घेतली आणि तिचे नावही ‘नो-नीज’, म्हणजे गुडघे नसलेली, असे ठेवले. उडी गेल्यामुळे वर चढायला दारांखेरीज मार्ग उरला नाही, आणि सगळा खेळ त्या एका कल्पनेवर उभा राहिला. व्हॉल्व्ह कंपनीने त्या विद्यार्थ्यांना नोकरीवर घेतले आणि २००७ मध्ये ‘पोर्टल’ आला. कॅलिफोर्नियात जेनोव्हा चेन यांचा ‘फ्लो’ हा खेळ २००६ च्या पदव्युत्तर प्रबंधातून निघाला. खेळणाऱ्याच्या कौशल्याप्रमाणे काठिण्य कसे बदलावे, हा त्या प्रबंधाचा विषय होता. दोन्हीकडे चित्रे साधी होती आणि प्रश्न मोठा होता.

सर्वांत चिवट आक्षेप विद्यार्थ्यांकडूनच येतो: आम्हाला गेम बनवायचे आहेत, त्यांचा इतिहास आणि समीक्षा कशाला वाचायची? याला उत्तर म्हणून मोक्षपट समोर ठेवावा. आपली परंपरा हा पट ज्ञानदेवांशी जोडते. त्याच्याच कुळातले वैष्णव पट ७२ घरांचे, तर जैन पट ८४ घरांचे आढळतात. दुर्गुणाच्या घरात सापाचे तोंड, सद्गुणाच्या घरात शिडीचा पाय. वाचणारा म्हणेल, हा सदाचाराचा उपदेश आहे. पण खेळणाऱ्याच्या हाती निवड कुठे आहे? दान पडेल तितकी घरे सोंगटी चालते. दयेच्या घरात थांबावे की क्रोधाचे घर टाळावे, हे तो ठरवू शकत नाही. पटावरचा मजकूर आचरणाचे महत्त्व सांगतो आणि कवड्या माणूस पराधीन असल्याचे सांगतात. ही विसंगती आहे, की दान म्हणजेच पूर्वकर्म असे रचणाऱ्याला सुचवायचे आहे? हा प्रश्न ना चित्र पाहून सुटतो ना शब्द वाचून. नियम वाचता यावा लागतो. इंग्रजांनी हा पट नेला, पुढे घरांची नावे गळाली, आणि आज आपली मुले केवळ शंभर आकडे आणि साप पाहतात. पश्चिम भारतातल्या अशा पटांवर पीएच.डी.चा प्रबंध २०१९ मध्ये झाला तो कोपनहेगन विद्यापीठात. पुण्या-मुंबईच्या एखाद्या विद्यापीठात तो होण्याइतकी जागाच आपण या विषयाला ठेवली नव्हती, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा पौराणिक जगातला खेळ जगापुढे ठेवला, तेव्हा त्याची दृश्ये पुष्कळ वाखाणली गेली. त्याच्या नियमांची, त्यातल्या लढतींच्या रचनेची मराठीत समीक्षा करणारा वर्ग मात्र तयार नव्हता. समीक्षक नसले की बनवणाऱ्याला आपण काय साधले हे कळायला विक्रीचा आकडाच उरतो.

चित्रपटाच्या बाबतीत हे आपण एकदा नीट केले आहे. १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट निघाली आणि १९६४ मध्ये त्याच पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. त्यामुळे चित्रपट करायला शिकणाऱ्याला जुने चित्रपट पाहायला मिळाले. गेमच्या बाबतीत ही निकड अधिक आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत, अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नसल्याचे आढळले. यंत्र बंद पडते, सर्व्हर बंद होतो आणि खेळ नाहीसा होतो. मुंबईतल्या नव्या संस्थेने प्रयोगशाळेइतकाच खर्च संग्रहावर करावा, आणि त्यात सावंतवाडीच्या गंजिफापासून भारतीय मोबाइल गेमपर्यंत सारे खेळण्याजोग्या स्थितीत असावे. काचेआड ठेवलेला गंजिफा बघून त्याचा डाव कळत नाही.

नोकऱ्यांचा मुद्दा प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या मोठ्या गेम कंपन्यांनी हजारो माणसे काढली. पदवी म्हणजे हमखास नोकरी, असे सांगून शुल्क घेणाऱ्या संस्था विद्यार्थ्यांची फसवणूक करतात. पण हा आक्षेप सर्वांत जोराने लागू होतो तो केवळ सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला, कारण मंदीत पहिली गदा त्याच कामांवर येते. माणसांना काय करू द्यायचे, काय करू द्यायचे नाही आणि त्यातून त्यांचे वागणे कसे घडते, हे ज्याला मांडता येते त्याला शिक्षणात, संग्रहालयात, सार्वजनिक सेवांच्या रचनेतही काम करता येते. राहिला शिक्षकांचा प्रश्न. या विषयात नेट नाही, पीएच.डी. झालेले मोजके, म्हणून विभागच काढता येत नाही, असे कुलगुरू सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट खुली केली आहे. दीर्घ अनुभव असलेल्या व्यक्तीला औपचारिक पदवीच्या अटीशिवाय नेमता येते आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. त्यातल्या एका जागेवर खेळ रचणारा घ्यावा. शेजारची नियमित जागा मराठी, इतिहास किंवा मानवशास्त्राच्या अभ्यासकाला द्यावी, आणि पहिल्या सत्राचा वर्ग दोघांनी मिळून घ्यावा. एवढ्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. विद्यापरिषदेच्या एका ठरावावर काम सुरू होऊ शकते.