दवाखाना आमचा, मग वही कोणाची?



कापूस आमचा, पण त्याची प्रत ठरवणारा ग्रेडर सरकारचा. एकाधिकार खरेदी 1972 साली आली आणि पुढची तीसेक वर्षे आपण हा खेळ पाहिला. खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगेत रात्र काढायची आणि सकाळी ग्रेडरने मूठभर कापूस चिमटीत धरून मान हलवली की वर्षाचा घाम हलक्या प्रतीत जमा. योजना आमच्या नावाने, कारभार मात्र त्यांच्या हाती. असल्या योजनांचा वास आपल्याला लांबून येतो. आज तोच वास आपल्या दवाखान्यातून येतो आहे.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला, ग्रामीण रुग्णालयाला एक समिती आहे. तिचे नाव रुग्ण कल्याण समिती. नावात रुग्णही आपला आणि कल्याणही आपलेच. आता छातीवर हात ठेवून सांगा, तुमच्यापैकी कितीजणांनी तिची सभा पाहिली? सभासदांची नावे कोणाला माहीत आहेत? वर्षाचा हिशेब कोणाच्या डोळ्यांखालून गेला? आम्ही गावोगावच्या बैठकांत हे विचारत आलो. बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

ही समिती आली कुठून तेही ध्यानात घ्या. 1994 साली सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. प्रशासन आणि गावकरी मिळून ते रुग्णालय धुऊन काढले गेले. लोक हात लावतात तेव्हा सरकारी दवाखानाही सुधारतो, हे त्यातून दिसले आणि मध्य प्रदेशात रुग्ण कल्याण समित्या निघाल्या. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, त्याने ही कल्पना देशभर नेली. प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला 25 हजार अबंधित निधी, 50 हजार देखभालीसाठी आणि समितीला 1 लाख असा हिशेब त्या वेळी ठरला. गावच्या आरोग्य समितीला 10 हजार वेगळे. रक्कम फार मोठी नाही. पण पावसाळ्यात संपलेली औषधे जागेवर घ्यायला, पंप दुरुस्त करायला, बाळंतिणीच्या खोलीला दार बसवायला ती पुरते. मुंबईच्या मंजुरीची वाट न पाहता खर्च करता यावा, म्हणूनच तो पैसा दिला होता.

लोकांच्या हातांनी सुरू झालेल्या कामाचे पुढे काय झाले? समितीत बहुतेक माणसे खुर्चीमुळे आलेली किंवा वरून नेमलेली. वैद्यकीय अधिकारी सचिव. उरलेल्या दोनचार जागांवर पुढाऱ्यांच्या मर्जीतली नावे. ग्रामसभेने निवडून पाठवलेला कास्तकार त्यात शोधून सापडत नाही. आणि 2022 साली मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती गेल्या. म्हणजे वरून खाली येणारी लोकप्रतिनिधींची जी काही बारीक धार होती, तीही आटली. साहेबाने साहेबाला हिशेब द्यायचा आणि साहेबाने तो मंजूर करायचा. यालाच इंडियात लोकसहभाग म्हणतात.

कोणी म्हणेल, समितीच्या कागदांवरून एवढा गहजब कशाला? कशाला ते सांगतो. 2017 च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यांत पडले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली की पंपाचा फवारा तोंडावर येतो, हे ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याला कळते. फवारणीचा जोर कोणत्या आठवड्यात येणार, हे वावर सांगते, मंत्रालय सांगत नाही. कीटकनाशकाच्या काही विषांवर ॲट्रोपिनचे इंजेक्शन लागते, भरपूर लागते आणि लवकर लागते. ते कपाटात किती आहे हा प्रश्न जुलैतच विचारला पाहिजे. तो विचारणारा माणूस त्या टेबलाभोवती नसेल, तर कपाट रिकामे आहे हे आपल्याला रोग्याला खाटेवर टाकल्यावर कळणार. सर्पदंशाच्या लसीचेही तसेच. रात्री ज्वारीला पाणी द्यायला, राखणीला कोण जातो? ज्याचा पाय सापावर पडणार आहे त्याला लसीच्या साठ्याबद्दल बोलायचा अधिकार नाही आणि ज्याच्या पायात बूट आहेत तो सही करणार, ही कोणती रीत?

सावकाराकडे जाणारी वाट नेहमी वावरातूनच निघते असे नाही. अनेकदा ती दवाखान्याच्या पायरीवरून निघते. इथे काही नाही, पुढे घेऊन जा, अशी चिठ्ठी हातात पडली की गाडीभाडे, खासगी दवाखान्याची अनामत, सलाईन, तपासण्या. बैल जातो, मग बायकोच्या गळ्यातले जाते, मग एकर दोन एकर जाते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत शुल्क माफ झाले, चांगले झाले. पण कपाट रिकामे असेल तर फुकट केसपेपर घेऊन करायचे काय? त्याची विडीही वळता येत नाही.

साहेब लोकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. अडाणी शेतकऱ्याला औषधातले काय कळते? भावांनो, डॉक्टरच्या हातातली कात्री आम्हाला नकोच आहे. कोणत्या रोगाला कोणती गोळी, हे त्याने ठरवावे. आम्हाला कपाट आणि वही पाहायची आहे. आणि अडाण्याला कळत नाही म्हणणाऱ्यांनी जामखेडला जाऊन यावे. तो आपल्यासारखाच ज्वारीचा, कोरडवाहू मुलूख. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे गेले. त्यांनी गावात शेतकऱ्यांची मंडळे उभी केली, बायांची मंडळे उभी केली. गावाने निवडलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या कित्येक दलित समाजातल्या होत्या. गावाने आधी पाणी आणि अन्न मागितले, तर काम तिथून सुरू झाले. 1979 साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जग जामखेड पाहायला आले. शेजारच्या तालुक्यातल्या समितीला मात्र अजून गावाचा एक माणूस विश्वासाने बसवता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की आरोग्याच्या मंडळावर लोकांनी निवडून दिलेली माणसे कुठे असतात का? असतात. न्यूझीलंडने 2001 पासून जिल्हा आरोग्य मंडळे चालवली. मंडळावर जास्तीत जास्त 11 सभासद, त्यांतले 7 लोकांनी मतदानाने निवडलेले. कारभार अगदी निर्मळ होता असे आमचे म्हणणे नाही. 2022 साली तिथल्या सरकारने ती मंडळे मोडून सगळा कारभार एका केंद्रीय यंत्रणेकडे नेला. त्यातून दोन गोष्टी शिकायच्या. बहुमत लोकांच्या निवडलेल्या माणसांचे असू शकते. आणि सरकारने दिलेला अधिकार सरकार एका कायद्याने परत घेऊ शकते. म्हणून तो ग्रामसभेच्या मुळाशी बांधून घेतला पाहिजे.

तिसरा आक्षेप आमचा आम्हालाच आहे आणि तो सर्वांत जड आहे. बाजार समितीवर कोण बसले? आपलीच माणसे. जिल्हा बँकेवर, सूतगिरणीवर, सोसायटीवर? आपलीच. तिथे काय दिवे लागले ते सांगायला नको. शेतकऱ्याचा पोरगा खुर्चीवर बसला की तो शेतकऱ्याचा राहतोच असे नाही. म्हणून नुसते आपला माणूस घ्या एवढी मागणी करून भागणार नाही. ती मागणी पुढाऱ्यांना आवडेलच, त्यांच्याकडे आपली माणसे तयार आहेत. आमचा भरवसा माणसावर नाही, उघड्या वहीवर आहे.

देखरेखीचा अनुभवही गाठीशी आहे. 2007 साली राज्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावाने दवाखान्याच्या कामाला हिरवा, पिवळा, लाल शेरा दिला. जनसुनवाईत बाया उभ्या राहून अधिकाऱ्यांसमोर बोलल्या. त्याने धाक बसला. पण राखणदार मचाणावरून ओरडतो, पाखरे उडतात, फिरून येतात. खळ्यावरचे माप त्याच्या हाती नसते. आम्हाला आता मापाशी बसायचे आहे.

आणि डॉक्टरांनाही सांगणे आहे. हे तुमच्याविरुद्ध नाही. पदे रिकामी ठेवायची, तीस हजार लोकवस्तीचे ओझे एकट्यादुकट्यावर टाकायचे, आणि रोगी दगावला की जमावापुढे त्यालाच उभे करायचे, ही सरकारची जुनी चलाखी आहे. गावाला साठा माहीत असेल, मागणी कधी पाठवली आणि कुठे अडली हे माहीत असेल, तर गाव तुमच्या अंगावर येणार नाही. तुमच्या बरोबर वर जाईल.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही पाच मागण्या ठेवतो.

1. रुग्ण कल्याण समितीत निम्म्याहून अधिक जागा ग्रामसभांनी निवडलेल्यांच्या असाव्यात. त्यांत निम्म्या बाया आणि भूमिहीन मजुरांना हक्काची जागा. एकाला एकच मुदत.

2. बँकेतून पैसे काढताना ग्रामसभेच्या एका सभासदाची सही सक्तीची.

3. दर तीन महिन्यांचा जमाखर्च आणि सर्पदंशाची लस, ॲट्रोपिन, बाळंतपणाची औषधे यांचा साठा दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत.

4. एक सभा पेरणीआधी, एक फवारणीआधी. दवाखान्याचे वर्ष मार्चला संपो, आमचे मृगाला सुरू होते.

5. काम न करणाऱ्या सभासदाला परत बोलावण्याचा अधिकार ग्रामसभेला.

सरकार हे देईल तेव्हा देईल. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. समितीचे सभासद कोण, गेल्या तीन वर्षांत सभा किती झाल्या, पैसा किती आला आणि कशावर गेला, एवढे चार प्रश्न लिहा. आलेला कागद 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा. बायांना पुढे बसवा. दवाखान्याची पायरी सर्वांत जास्त त्याच चढतात.

आम्ही दया मागायला निघालेलो नाही. दवाखाना आमच्या पैशाने उभा आहे, त्यात मरतोही आम्हीच. मग वही आमच्यापुढे उघडलीच पाहिजे.