'सर्व्हर डाऊन' ही काही नैसर्गिक आपत्ती नाही!

खरिपाच्या ई-पीक पाहणीची मुदत संपत आली की साताऱ्याच्या माण-खटावपासून सांगलीच्या जत-आटपाडीपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "सर्व्हर डाऊन आहे." जणू गारपीटच झाली!

मंडळी, सर्व्हर म्हणजे काही आभाळातली गोष्ट नाही. दूरच्या डेटा सेंटरमधल्या मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरनं वाटे पाडतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अशी ॲप सहसा त्यांवरच चालतात. गर्दी वाढली की आणखी वाटे सुरू करून भार विभागता येतो. एक बंद पडला तर दुसरा तयार ठेवता येतो. मागचा डेटाबेसही तेवढा दमदार हवा, हे खरं. पण गर्दी कधी होणार हे शासनाला आधीच ठाऊक असतं. मुदत त्यांनीच ठरवलेली असते ना!

2021 पासून राज्यभर ही पाहणी मोबाईलवर आली. नोंद राहिली की सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा. मग नुकसानभरपाई असो की हमीभावाची खरेदी, हेलपाटे शेतकऱ्यानंच घालायचे. तलाठ्यावर ओरडून उपयोग नाही. ते मशीन त्याच्या हातात नाही.

मुदतवाढ देतात, मान्य. पण मेहरबानी केल्यासारखी. मागणी साधी आहे: सर्व्हर किती तास बंद होता ते रोज जाहीर करा, आणि तेवढी मुदत आपोआप वाढवा.

शेतकऱ्याला तारीख पाळायला लावता, मग सर्व्हर चालवणाऱ्यांनाही लावा!