माफी कागदावर, व्याज पालकाच्या माथी

“बाबा, फी माफ आहे ना? मग कर्ज कशाला?” अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्या लेकीच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक शिक्षणात पूर्ण शुल्कमाफी मिळाली. पूर्वी ती निम्मीच होती. निर्णय स्तुत्यच! पण उत्पन्नाचा दाखला जोडून ‘महाडीबीटी’वर भरलेला आमचा अर्ज महाविद्यालयाच्या पडताळणीतच चार महिने अडकला. शुल्क मात्र प्रवेशाच्या दिवशीच मागितले गेले. ते मी पतपेढीतून कर्ज काढून भरले. सरकारी पैसा उशिरा का होईना, येतो. त्या उशिराचे व्याज मात्र पालक भरतो. पडताळणीला मुदत आणि विलंबाला जबाबदार माणूस ठरल्याशिवाय या माफीला माफी कसे म्हणावे?