बुडालेल्या बोटींवरची आपली माणसे

दोन्ही महायुद्धांत रत्नागिरीवर एकही तोफगोळा पडला नाही. त्यामुळे ती युद्धे दूर कुठेतरी, दुसऱ्या कुणाची तरी झाली, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत खोडण्यासाठी यंदाच्या दिवाळी अंकाचे पहिले पान मी खर्ची घालतो आहे.

बाणकोटपासून जयगड, राजिवड्यापर्यंतच्या खाड्यांवरची पोरे पिढ्यानपिढ्या मुंबईला जाऊन आगबोटीवर लागत. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवर राबणाऱ्यांत रत्नागिरी किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आपल्याच गावची, नात्यातली माणसे घेऊन बोटीवर चढे. अशी बोट बुडाली की किती घरांवर एकदम आकाश कोसळत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

30 डिसेंबर 1915 रोजी या कंपनीची ‘पर्शिया’ लंडनहून मुंबईला येत होती. क्रीट बेटाच्या दक्षिणेला, दुपारच्या जेवणाच्या वेळी, जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो तिच्यावर आदळला. इशारा नाही, होड्या नीट सोडायला सवड नाही. काही मिनिटांत बोट तळाला गेली. 519 पैकी 343 माणसे बुडाली. इंग्लंडमध्ये या बोटीची आठवण अजून निघते, ती एलिनॉर थॉर्नटन या बाईंमुळे. रोल्स-रॉइसच्या बोनेटवरची परी त्यांच्यावरून घडवली असे म्हणतात. 2003 मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल पाण्यातून त्या बोटीतली माणिकेही वर काढण्यात आली. डेकवरच्या खलाशांविषयी मात्र वाचायला चार ओळी सापडणे मुश्कील. कुणाची बायको, कुणाची आई गावात वाट बघत राहिली, हे कुणी लिहून ठेवले नाही. आपणही नाही, आणि मला अधिक लागते ते हेच.

दुसऱ्या महायुद्धात तेच झाले. मुंबईहून मोम्बासा-डर्बनकडे निघालेली ‘तिलावा’ 23 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने बुडवली. 280 जण गेले. 2017 मध्ये तिच्यातल्या चांदीच्या 2,364 लाद्या समुद्रतळावरून काढल्या गेल्या आणि त्यांच्यावरून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा चालला, 2024 पर्यंत. चांदीची एकेक लादी मोजली गेली, तिला वकील मिळाले. बुडालेल्यांच्या वारसांसाठी एवढी यातायात कुणी केली?

हे खलाशी गोऱ्या खलाशांच्या शेजारी, त्याच टॉर्पेडोच्या धाकात, कितीतरी कमी पगारावर काम करीत. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश बंदरांत त्यांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा कित्येकांना तुरुंगात टाकले गेले. त्यांना मी भित्रे किंवा लोभी म्हणणार नाही. जिवाची किंमत मागणे हा त्यांचा हक्कच होता.

इकडे घरी काय चालले होते? कोकणचे पोट दोन गोष्टींवर चाले: चाकरमान्याची मनीऑर्डर आणि बाहेरून येणारा तांदूळ. मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. पुढच्या वर्षी बंगालात दुष्काळ पडला, त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली. आपल्याकडे तेवढे मरण आले नाही, पण रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्यांनी युद्धाची झळ सोसलीच.

हा सगळा इतिहास झाला असे वाटत असेल, तर एडनच्या आखाताकडे बघावे. 6 मार्च 2024 रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी ठार झाले: दोन फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. त्यांच्या देशांचे कुणाशीच युद्ध नव्हते. वाचलेल्यांना आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने बाहेर काढले. आजही आपल्या किती घरांतली मुले बोटीवर आहेत! ज्यांचा मुलगा त्या वाटेवर असतो, त्या घरात दिवाळीचा फराळ होतो, पण लक्ष फोनकडे असते. ‘एकदा होऊनच जाऊ दे युद्ध’ असे चारचौघांत म्हणणाऱ्यांनी आधी अशा एखाद्या घरी जाऊन बसावे, एवढी माझी त्यांना विनंती आहे.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये या दर्यावर्दींचे स्मारक आहे. पहिल्या युद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक जणांची नावे तिथे आहेत. दुसऱ्या युद्धातल्या नावांची वहीही तिथे आहे: व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार, नौदलाचे चारशेहून अधिक. तिचीच दुसरी प्रत चितगावला ठेवलेली आहे. मुंबईला कामानिमित्त जाणाऱ्या रत्नागिरीकरांनी वेळ काढून ही नावे एकदा वाचावीत.

आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे बोटीवरचे पुस्तक, मनीऑर्डरची पावती, कंपनीची तार किंवा एखादे पत्र असेल, तर त्याची छायाप्रत आमच्याकडे पाठवा. मूळ कागद स्वतःजवळच ठेवा. घरात सांगितली जाणारी हकिकतही लिहून पाठवा, ज्या बोलीत सांगितली जाते त्याच बोलीत. पुढच्या दिवाळी अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.