धातूचं थोतांड आणि सुट्टीचा महिना

कुवेतमधल्या अहमदीच्या तेलक्षेत्रात राबणारे, मंगफ-फहाहीलकडे एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारे आपले लोक गावी सुट्टी काढून येतात, तेव्हा त्यांतले काही जण एक दुखणं मनात घेऊन परततात. शीघ्रपतनाचं. फारच जवळच्या मित्रापाशी विषय निघाला, तर निदान ठरलेलं: ‘इकडच्या उष्णतेनं धातू पातळ झाला, पोरवयातल्या हस्तमैथुनाची ही फळं, गावाहून चूर्ण मागव.’ यातलं निदान खोटं आहे आणि उपाय थेट तुरुंगात नेऊ शकतो.

धातू, म्हणजेच वीर्य, हा रक्त आटवून केलेला साठा नव्हे. त्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो. एका वेळी साधारण दोन ते पाच मिलिलिटर, आणि तो पुन्हा पुन्हा तयार होत राहतो. तो दाट आहे की पातळ, याचा पतनाच्या वेळेशी काही संबंध नाही. पतन ही मज्जारज्जूतून घडणारी प्रतिक्षिप्त क्रिया. ती लवकर होण्यामागे मेंदूतलं सेरोटोनिन असतं, मनातली धास्ती असते, कधी वाढलेलं थायरॉइड, कधी प्रोस्टेटची सूज. उन्हाळ्याचा किंवा हस्तमैथुनाचा त्यात दोष नाही. धातू गेल्याच्या भीतीनं खंगणाऱ्यांच्या या अवस्थेला डॉ. नरेंद्र विग यांनी 1960 साली ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं.

‘पण चूर्ण-गोळ्यांनी गुण येतो, आम्ही पाहिलंय,’ असं कुणी म्हणेल. येतो, काहींना येतो. कामिनी विद्रावण रसासारख्या औषधात अफू असते, आणि अफू पतन लांबवते. सवयही लावते. ट्रामाडॉलच्या गोळ्यांची तीच गत. कुवेतमध्ये अमली पदार्थ बाळगणं हा गंभीर गुन्हा आहे. सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेली औषधाची डबी नोकरी आणि स्वातंत्र्य दोन्ही घेऊन जाईल.

मग सुट्टीवरच्या माणसाला होतं काय? बहुतेकदा काहीच नाही. वर्ष-दोन वर्षांचा दुरावा, महिन्याभराची सुट्टी, घर पाहुण्यांनी भरलेलं. इतक्या खंडानंतर पहिल्या रात्री लवकर होणं अगदी स्वाभाविक आहे. दुसऱ्या रात्री मात्र ‘आजही तसंच झालं तर?’ ही धास्ती घाई करते, आणि तिथून खरा त्रास सुरू होतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या पाहणीत जोडप्यांनी घड्याळ लावून वेळ मोजली. मध्यक निघाला 5.4 मिनिटं. अर्ध्या तासाची अपेक्षा अश्लील चित्रफितींनी पेरलेली आहे. पहिल्या संबंधापासून जवळजवळ प्रत्येक वेळी मिनिटभरात पतन होतं, आवरता येत नाही आणि त्याचा मनाला जाच होतो, अशा माणसाला मात्र खरोखर उपचार हवेत.

ते आहेतही. जेम्स सीमन्स यांनी 1956 साली मांडलेली रीत साधी आहे: हातानं उत्तेजन द्यायचं, आता आवरणार नाही असं वाटण्याच्या जरा आधी थांबायचं, आवेग ओसरू द्यायचा, मग पुन्हा सुरू करायचं. असं तीन-चारदा करून मगच पतन होऊ द्यायचं. पत्नीची साथ असेल तर उत्तम. काही आठवडे धीर धरावा लागतो. बधिर करणारं मलम मिळतं, पण संबंधापूर्वी ते पुसावं लागतं, नाहीतर पत्नीचीही संवेदना जाते. डॅपॉक्सेटिनची गोळी एक ते तीन तास आधी घ्यायची असते. तिनं चक्कर येऊ शकते, दारूबरोबर तर ती नकोच, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

असलं चारचौघांत लिहू नये, हा आक्षेप जुना आहे. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला झाला. 1934 साली तो कर्व्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. कर्वे खटला हरले, पण मासिक थांबलं नाही. संकोचानं कुणाचं भलं झालं? नवरा गप्प राहतो, कूस बदलतो, आणि बायकोला वाटतं, याचं तिकडे दुसरं कुणीतरी आहे. रोज रात्री फोनवर शाळेची फी नि कर्जाचे हप्ते बोलून होतात. तिकीट काढण्याआधी एका रात्री हेही बोलावं: ‘पहिले काही दिवस घाई होईल, तू मनाला लावून घेऊ नकोस.’