तीन मेकॅनिक, तीन निदाने

गाडी तीच, बिघाडही तोच. निदाने मात्र तीन. वॉरंटीच्या मुदतीतील मोटार नगर-पाथर्डी रस्त्यावरील करंजी घाट चढताना झटके खाऊ लागते. नगरमधील अधिकृत सर्व्हिस सेंटर गाडीला संगणक जोडून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा देते. त्याच कंपनीचे पुण्यातील केंद्र क्लच प्लेट झिजल्याचे सांगते आणि हा चालविण्याच्या सवयीचा परिणाम असल्याने वॉरंटी लागू नाही, असेही जोडते. चौकातला जुना, जाणता मेकॅनिक बॉनेट उघडून दोन मिनिटे कान देतो आणि दोष इंजेक्टरकडे असल्याचा निर्वाळा देतो. आयुष्यभराची बचत घालून गाडी घेतलेल्या ग्राहकाने यापैकी कोणाचे खरे मानायचे?

मेकॅनिक अप्रामाणिक असतात, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे; पण तो पुरेसा नाही. मतभेदाचे मूळ अनेकदा पैसा कोणाच्या खिशातून जाणार, यात असते. वॉरंटीत बदललेल्या भागाचे पैसे विक्रेत्याला सर्वसाधारणपणे कंपनीकडून दावा करून मिळवावे लागतात. कंपनी काढलेला भाग तपासू शकते, दावा नाकारूही शकते. दावा नाकारला गेला, तर भुर्दंड विक्रेत्यावर. साहजिकच नि:संशय पुरावा नसेल, तर ‘काही दिवस चालवून बघा’ हे उत्तर त्याला सोयीचे वाटते. बाहेरच्या गॅरेजवाल्याचे गणित याच्या नेमके उलटे. काम निघाले तरच त्याची कमाई. कंपनीच्या अभियंत्याची नजर तिसरीच : दोष उत्पादनातला आहे, असे एका गाडीत लेखी कबूल केले, तर त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांचे काय, हा विचार त्याला टाळता येत नाही.

दुसरे कारण तांत्रिक आहे. आजच्या गाडीतील संगणक बिघाडाचे सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो, परंतु प्रत्येक यांत्रिक दोषाची नोंद होतेच असे नाही. गाडी तापल्यावर, पूर्ण भार घेऊन चढण चढताना येणारा झटका नागापूर एमआयडीसीतल्या सपाट रस्त्यावर पाच मिनिटांच्या फेरीत कसा सापडणार? शिवाय आधीच्या मेकॅनिकने नोंदी पुसून टाकल्या, तर पुढच्याला पाटी कोरीच मिळते. इंधनाचा वाद आता यात नव्याने भर घालतो. पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलवरून २०२५ मध्ये देशभर वाहनमालकांनी प्रश्न विचारले. ज्या जिल्ह्यातील साखर कारखाने इथेनॉल तयार करतात, तेथील ग्राहकालाच ‘दोष गाडीचा नव्हे, पेट्रोलचा’ हे उत्तर ऐकावे लागावे, ही गंमत थोडी कडवटच म्हणायची.

कायद्याच्या दारात गेल्यावर ग्राहकाचा पहिला भ्रमनिरास होतो तो वॉरंटीच्या अर्थाविषयी. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले, की वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची आहे, संपूर्ण गाडी बदलून देण्याची नव्हे. तो वाद क्लचचाच होता. त्यामुळे ‘नवी गाडी द्या’ या मागणीसाठी तीन मेकॅनिकांची तीन तोंडी मते पुरत नाहीत. उलट ती परस्परांना छेद देतात आणि त्याचा लाभ कंपनीच्या वकिलाला होतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम ३८ येथे महत्त्वाचे ठरते. चाचणीशिवाय दोष ठरविता येत नसेल, तर जिल्हा आयोगाने वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावी आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. आयोग ही मुदत वाढवूही शकतो. १९८६ च्या कायद्यातही ही सोय होती. मात्र चाचणीचे शुल्क आधी तक्रारदारानेच भरायचे असते. ज्याची गाडी बंद, त्यानेच खर्च करायचा. दुसरीकडे न्यायालये प्रत्येक वेळी तज्ज्ञाच्या अहवालावर अडून बसतात, असेही नाही. दिल्ली-पानिपत महामार्गावर २०१७ मध्ये झालेल्या अपघातात ह्युंदाई क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. धडकेचा जोर पुरेसा नव्हता, हा कंपनीचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळला. ग्राहकाने वेग आणि बल यांचे भौतिकशास्त्र जाणावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. तेथे गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम राहिला. अर्थात, न उघडलेली एअरबॅग डोळ्यांना दिसते. घाटातला झटका दिसत नाही.

अहमदनगरच्या, म्हणजे २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगरच्या, वाचकाला यातला विरोधाभास अधिक जाणवावा. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजेच ‘व्हीआरडीई’, याच शहराजवळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ ज्या संस्थांना वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेण्याचा अधिकार देतो, त्यांत पुण्याच्या ‘एआरएआय’बरोबर तिचेही नाव आहे. देशातल्या गाड्यांना रस्त्यावर येण्यापूर्वी ज्यांचा दाखला लागतो, त्यांतील एक संस्था घराजवळ आहे. पण ही व्यवस्था उत्पादकाच्या नमुन्यासाठी आहे. विकलेल्या एखाद्या गाडीच्या झटक्याचा निवाडा सामान्य माणसाला थेट मागता येईल, अशी तटस्थ खिडकी जिल्हा पातळीवर नाही. ती ठरावीक शुल्कात उपलब्ध करून देण्याचा विचार शासनाने करायला हरकत नसावी.

तोवर ग्राहकाच्या हाती उरते ते जॉब कार्ड. तक्रार स्वत:च्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह आणि ‘चढावर, गाडी तापल्यावर’ अशा तपशिलाने लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ एवढ्याच नोंदीवर सही करू नये. बाहेरच्या मेकॅनिककडून मत घ्यायला हरकत नाही, पण काहीही न उघडता आणि लेखी. अन्यथा ‘बाहेर खोलली’ हे कारण पुढे करून वॉरंटीच नाकारली जाण्याचा धोका असतो. दोन अधिकृत केंद्रांची मते वेगळी आली, तर दोन्ही जॉब कार्डे जोडून कंपनीला ई-मेल करावा आणि कंपनीच्या तांत्रिक प्रतिनिधीसह संयुक्त चाचणी फेरी मागावी, तीही ज्या घाटात दोष येतो तेथेच. हा पत्रव्यवहार वॉरंटी संपण्यापूर्वीचा हवा.

आयोगाकडे जाण्याची वेळ आलीच, तर विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही प्रतिवादी करावे आणि प्रत्येकाचा दोष स्वतंत्रपणे मांडावा. गोव्यातील अँटोनिओ पाउलो वाझ यांना २०११ चे मॉडेल सांगून २००९ ची, वापरलेली गाडी देण्यात आली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विक्रेत्याच्या कृत्याची जबाबदारी टाटा मोटर्सवर टाकण्यास नकार दिला, कारण कंपनीविरुद्ध ठोस आरोपच नव्हता. पन्नास लाखांपर्यंत किंमत दिलेल्या गाडीची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते, ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात ती दाखल करता येते आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ‘आणखी एकदा दाखवून बघू’ म्हणत सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या मारण्यात तिचे महिने निघून जातात.