मोठ्या मत्स्यालयाची गाळणी

दिवाणखान्यांत चार फूट लांबीचें मत्स्यालय ठेवण्याची हौस आतां पुष्कळ घरांतून दिसते. टांकी, तिचें टेबल, दिवे, आंतील दगड यांची निवड घरांतील सारीं माणसें उत्साहानें करितात; फिल्टरची निवड मात्र बहुधा दुकानदारावर सोंपविली जाते. वास्तविक माशांचें जगणें-मरणें या एका वस्तूवर जितकें अवलंबून असतें, तितकें दुसऱ्या कशावरही नसतें. म्हणून या महिन्यांत तिचाच विचार करूं.

पिण्याचें पाणी चौपदरी फडक्यांतून गाळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळें गाळणी म्हणजे गाळ अडविणारें साधन, अशी समजूत आपल्या मनांत बसलेली असते. मत्स्यालयाच्या बाबतींत ती अपुरी पडते. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर टाकीत असतो. उरलेलें खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच निर्माण होतो. त्याला रंग नाहीं. पाणी घातक झालें तरी आरशासारखें नितळ दिसूं शकतें. नव्या टांकींतील मासे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकामागून एक मरूं लागतात, मुलें रडतात आणि कोणी तरी ‘दृष्ट लागली’ म्हणतें, त्याचें कारण पुष्कळदा हेंच असतें.

या अमोनियाचें नायट्राइट बनविणारे सूक्ष्म जीवाणू निसर्गांत आहेत; परंतु नायट्राइटही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचें नायट्रेट करितात, आणि तें बरेंच सौम्य असतें. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखविले. दोन्ही कामें एकटाच करणारा जीवाणूही असतो, हें मात्र २०१५ सालीं उघडकीस आलें, आणि त्याचा एक पुरावा मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येंच सांपडला. हे सर्व जीवाणू स्पंजाच्या छिद्रांत व चिनी मातीच्या सच्छिद्र कड्यांवर वस्ती करून राहतात. फिल्टर म्हणजे या वस्तीचें घर, आणि पंप हा तिचा पाणक्या, असें समजलें म्हणजे निवडीचे बहुतेक प्रश्न सोपे होतात.

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच अशा टांकींत काठोकाठ ३४० लिटर पाणी मावतें. तासाला तिच्यांतील पाणी सुमारें चार वेळां फिरावें, असा साधारण ठोकताळा आहे. म्हणजे प्रवाह तासाला १३०० ते १४०० लिटरांचा हवा. परंतु खोक्यावर छापलेला आंकडा बहुधा पाणी वर न चढवितां मोजलेला असतो. पाणी जितकें उंच चढवावें लागतें, आणि स्पंज जितका गाळानें भरतो, तितका प्रवाह घटतो. म्हणून थोडा मोठा पंप घेणें शहाणपणाचें. तरीही केवळ लिटरांवर जाऊं नये. आंत कोण राहणार हें आधीं ठरवावें. फूटभर वाढणारा ऑस्कर किंवा धष्टपुष्ट सोनमासे जो मळ करितात, तो मूठभर गप्पींच्या मानानें कितीतरी अधिक असतो. उलट एंजलसारख्या संथ पाण्यांतील माशांना जोराचा प्रवाह सोसत नाहीं. त्यांच्यासाठीं तो सच्छिद्र नळीनें पसरून द्यावा.

वनस्पती लावल्या म्हणजे फिल्टर नको, असें सांगणारेही भेटतात. १८५० सालीं लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं सोनमासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून असा समतोल साधल्याचें प्रसिद्ध केलें, हें खरें. मात्र त्यांच्या भांड्यांत सोनमासे दोनच होते!

आतां प्रकार. टांकीच्या कडेला टांगावयाचा फिल्टर लहान टांकीस उत्तम; मोठ्या टांकीस एकटा पुरत नाहीं. वाळूखालीं बसविण्याची जाळी स्वस्त खरी, परंतु वर्षभरानें तिच्याखालीं सांचलेला गाळ काढण्यासाठीं सारी टांकी उपसावी लागते. ती आम्हांस पसंत नाहीं. खरी निवड दोहोंत आहे. एक कॅनिस्टर, म्हणजे टेबलाखालीं ठेवावयाचा बंद डबा. आणि दुसरा संप, म्हणजे खालीं ठेवलेली दुसरी उघडी टांकी.

कॅनिस्टर आटोपशीर व फारसा आवाज न करणारा असतो. त्याचा दोष वीज गेल्यावर दिसतो. जीवाणूंना प्राणवायु फार लागतो. अमोनियारूपांतील एक ग्रॅम नायट्रोजनासाठीं सुमारें साडेचार ग्रॅम. बंद डब्यांत प्रवाह थांबला कीं आंतला प्राणवायु लवकरच संपतो. वस्ती गुदमरूं लागते, पाणी नासतें, आणि कांहीं तासांनीं वीज आली म्हणजे तेंच पाणी थेट माशांच्या अंगावर येतें. म्हणून वीज बराच वेळ गेली असल्यास डबा उघडून आंतलें पाणी टाकून द्यावें, आंतील सामान टांकीच्या पाण्यांत हलकें विसळावें, आणि मगच पंप सुरू करावा. जेथें भारनियमन नित्याचें आहे तेथें हवेच्या लहान पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर जोडीला ठेवावा. त्याला अवघे चार-पांच वॅट पुरतात, आणि तो घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. मोठ्या टांकीस एका बलाढ्य फिल्टरपेक्षां दोन मध्यम बरे, असें आमचें स्पष्ट मत आहे. एक बिघडला तरी वस्ती सारी बुडत नाहीं.

संपमध्यें पाणी उघड्यावरून पडत जात असल्यामुळें हवा भरपूर मिळते, आणि साफसफाई हात घालून करतां येते. मात्र वीज गेली म्हणजे वरचें पाणी कांठाच्या पातळीपर्यंत खालीं उतरतें. आपल्या टांकींतील एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर! तेवढें सामावून घेण्यास संपांत जागा मोकळी न ठेवल्यास सतरंज्या भिजणार. पाणी वर चढविणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं एक बारीक छिद्र पाडावें, म्हणजे उलटा ओघ तेथेंच तुटतो. पहिल्याच दिवशीं मुद्दाम पंप बंद करून पाणी कोठवर चढतें तें पाहावें. शेजाऱ्यांच्या छतावर ही परीक्षा होऊं देऊं नये.

आंतील सामानाचा क्रम असा: प्रथम जाड स्पंज, मग बारीक, आणि शेवटीं सच्छिद्र कडीं. दुकानदार सक्रिय कोळशाची पुडी हटकून देतो. पाण्याचा पिवळेपणा किंवा उरलेलें औषध काढण्यास तो चांगला. पण अमोनियावर त्याचा इलाज नाहीं, आणि थोड्याच आठवड्यांत तो निकामी होतो.

एक प्रश्न कोणीच विचारीत नाहीं: हा फिल्टर धुणार कोण? मत्स्यालयाची हौस यजमानांची वा चिरंजिवांची असते, आणि कालांतरानें बादली मात्र गृहिणीच्या हातीं येते. चार नळ्या सोडवून जड डबा मोरीपर्यंत नेणें जिला करावें लागणार, तिला दुकानांत बरोबर न्यावें व तिच्याकडून डब्याचें झांकण उघडवून पाहावें. जो फिल्टर धुण्यास अवघड, तो धुतला जात नाहीं. धुणें नळाखालीं नको; नगरपालिकेच्या पाण्यांतील क्लोरिन जीवाणूंनाही मारतें. टांकींतून काढलेल्या बादलीभर पाण्यांत स्पंज पिळावा, आणि सारें सामान एकाच दिवशीं धुवूं नये.

नायट्रेट फिल्टरमध्यें जात नाहीं, साठत राहतें. त्यासाठीं दर आठवड्यास सुमारें चतुर्थांश पाणी, क्लोरिन घालवून, बदलावेंच लागतें. फिल्टर रात्रंदिवस चालूच ठेवावा. वीस वॅटांच्या पंपास महिन्याला १४ ते १५ युनिटें लागतात. जीवाणूंची वस्ती भरण्यास चार ते सहा आठवडे जातात. ओळखीच्या घरीं जुनी निरोगी टांकी असेल तर तेथला वापरलेला स्पंज मागून आणावा व ओला असतांनाच आपल्या फिल्टरमध्यें घालावा. मासे दोन-तीनच सोडून अमोनिया व नायट्राइट तपासण्याच्या संचानें पाणी पाहत जावें, आणि दोन्ही शून्यावर टिकेपर्यंत मुलांनीं कितीही हट्ट धरला तरी बाकीचे मासे दुकानांतच राहूं द्यावेत.